पाठ कुणी ओरबाडली? कोंबडा, कुत्रं की मुंगूस

नृसिंहवाडी, औरवाड, गणेशवाडी, कुरुंदवाड या पट्ट्यात मळ्यातल्या वस्तीवर कोंबड्या मोकळ्याच फिरतात. त्या पाळणाऱ्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून त्याच दोन गोष्टींवर येतात. पहिला प्रश्न असा, की कोंबडीच्या पाठीवरची पिसं गेली आहेत, पंखाखाली चीर पडली आहे, तर तिला मुंगसानं धरलं असेल का? दुसरा प्रश्न त्याला जोडूनच येतो. कोंबडाच त्रास देत असेल आणि तो विकला, तर बाकीच्यांची राखण कोण करणार?

दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायला गेलात की घोटाळा होतो. मुंगूस समजून तुम्ही खुराड्याला दुप्पट जाळी मारता आणि खरा आरोपी त्याच जाळीच्या आत आरवत बसलेला असतो. उलटही घडतं. कोंबडा विकून मोकळे होता आणि दार नीट न लागणारं खुराडं तसंच राहतं. म्हणून औषध आणि जाळी नंतर, आधी तपास.

आधी जखम नीट बघा

कोंबडी हातात घ्या, पिसं बाजूला सारा आणि उजेडात बघा. खालच्या खुणा बहुतेक वेळा पुरेशा होतात.

- पाठीचा मधला भाग आणि डोक्याची मागची बाजू उघडी, पिसांचे देठ मोडलेले, पण कोंबडी खातेपिते: हे कोंबड्याचं काम. वर चढताना तो चोचीनं मानेची पिसं धरतो आणि पायांनी पाठीवर तोल सांभाळतो.
- पंखाखाली, बरगडीच्या बाजूला उभी चीर: हेही कोंबड्याचंच. नखानं किंवा पायामागच्या काट्यानं कातडं फाटतं. वरून पंख झाकत असल्यामुळे ही जखम दिसत नाही, आणि धोका मात्र तिचाच जास्त असतो.
- शेपटीच्या मुळाशी, गुदद्वाराजवळ टोचून काढलेलं रक्त: इतर कोंबड्या टोचतात. जागा कमी, खाद्य अपुरं किंवा कळपात नवी कोंबडी आलेली असते.
- अंगभर पिसं विरळ आणि खालून नवे कोंब फुटलेले: ती पिसं गाळते आहे. तिला काही करू नका.
- मांडी किंवा शेपटीकडचा भाग फाटलेला, दातांची भोकं, पिसं अंगणभर: कुत्रं. चार-पाच मेलेल्या आणि एकही खाल्लेली नाही असं दिसलं, तर हा संशय आणखी बळावतो.
- मानेला चावा, डोकं गायब किंवा कुरतडलेलं: मुंगूस, रानमांजर, कांडेचोर, घूस यांपैकी कोणी तरी.
- कुठंही जखम नाही, पण एकामागून एक मरतायत, हिरवट हगवण आहे, माना पिरगळल्यात: हा शिकारी नव्हे. राणीखेत रोगाची शंका घ्या, मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा नदीत टाकू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

यात वेळ फार महत्त्वाची. ‘रात्री मुंगसानं चार मारल्या’ हे वाक्य या भागात सर्रास ऐकू येतं. पण मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे, अंधार पडला की तो बिळात असतो. रात्रीच्या शिकारीचा संशय रानमांजर, कांडेचोर, कोल्हा, घूस किंवा घरचा-शेजारचा बोका यांच्यावर घ्यावा. शत्रू कुठल्या वेळेचा आहे हे कळलं, की उपाय कुठं करायचा हेही कळतं.

अंड्यांवरूनही माग लागतो. टरफलासकट अंडं नाहीसं झालं आणि आसपास काहीच सांडलेलं नाही, तर साप. टरफल दगडाजवळ फुटून पडलंय, तर मुंगूस. ते अंडं मागच्या पायांमधून दगडावर फेकून फोडतं. वरून चोचीचं भोक असेल तर कावळा. आणि पेंढा बलकानं ओला झालाय, एखाद्या कोंबडीच्या चोचीलाही बलक लागलाय, तर चोर घरचाच. अशा वेळी शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडी द्यायला लागा आणि अंडी दिवसातून दोनदा उचला.

कोंबडा किती आणि कसला

दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. कोंबडा भारी जातीचा असेल तर आठ कोंबड्यांमागे एक धरा. पाच कोंबड्यांत दोन कोंबडे असतील तर पाठी उघड्या पडणारच. घरच्या अंड्यांतून पिलं निघतात, त्यांतले निम्मे नर, आणि ‘जत्रेला कापू’ म्हणत तलंगे वाढत राहतात. आरवायला लागलेले तीन-चार तलंगे एका कोंबडीमागे लागले की तिला खायलाही उसंत मिळत नाही. ते आरवायला लागले की वेगळे करा किंवा विका, सणाची वाट बघू नका.

दुसरं कारण या दहा-पंधरा वर्षांत वाढलंय, आणि माझ्या मते जखमांचं मोठं मूळ तेच आहे. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची पिलं घेतली जातात आणि ती गावठी कोंबड्यांतच सोडली जातात. गिरिराजचा कोंबडा तीन-चार किलोंचा होतो, गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची. कोंबडा शांत असला तरी त्याच्या वजनानंच तिचं कातडं फाटतं. गावठी कोंबड्यांत गावठीच कोंबडा ठेवा. झुंजीच्या असील जातीचा तर मिश्र कळपात सोडूच नका.

आता राखणीचा प्रश्न. कोंबडा सावध करतो हे खरं आहे. वर घार दिसली तर एक आवाज, जमिनीवर कुत्रं-मांजर दिसलं तर दुसरा, आणि कोंबड्या त्याप्रमाणे पळतात किंवा दडून बसतात. पण तो इशारा देतो, लढाई जिंकत नाही. कुत्र्यापुढं कोंबडा टिकत नाही आणि रात्री तर त्याला दिसतच नाही. राखणीसाठी म्हणून दुसरा-तिसरा कोंबडा ठेवणं म्हणजे शत्रू कमी न होता जखमा वाढवणं आहे.

कोंबडा नसला तर अंडी मिळतील का, असंही विचारतात. मिळतील, तेवढीच मिळतील. फक्त त्यांतून पिलं निघणार नाहीत. पिलं हवी असतील तरी कोंबडा रोज सोडायची गरज नाही. एकदा संग झाला की पुढं आठवडाभर तरी कोंबडी फलित अंडी देते. त्यामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस तो कळपात, बाकीचे दिवस जाळीपलीकडं, ही व्यवस्था उत्तम चालते. कोंबड्यांच्या पाठी भरून येतात आणि कोंबडाही हाताशी राहतो.

काटा आणि नखं बोथट करणं

कोंबड्याच्या पायामागच्या काट्याच्या आत हाड असतं आणि त्यात रक्त खेळतं. पकडीनं काटा मोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रक्त थांबत नाही आणि जखम पिकते. संध्याकाळी कोंबडा दांडीवर बसला की एकानं त्याला फडक्यात गुंडाळून धरावं, दुसऱ्यानं कानशीनं टोक फक्त गोल करावं. टोकाचा कोरडा भागच घासायचा. नखांचंही तसंच. चुकून रक्त आलंच तर तुरटीची किंवा हळदीची पूड दाबून धरा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर धावून जाणारा कोंबडा मात्र काटा घासून सुधारत नाही. तो मुलाच्या डोळ्यापर्यंत पोचतो. अशा कोंबड्याला वस्तीवर ठेवू नये, आणि त्याच्यापासून पुढची पिढीही काढू नये.

जखम झालीच तर

- कोंबडी लगेच वेगळी काढून डालग्याखाली ठेवा. लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथंच टोचतात.
- उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुवा. जखमेत चिकटलेली पिसं कात्रीनं कापा, उपटू नका.
- त्यावर पोव्हिडोन आयोडीन लावा. ते नसेल तर खोबरेल तेलात कालवलेली हळद चालते.
- माशी बसू देऊ नका. पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात. जनावरांच्या जखमेवर मारायचा स्प्रे मेडिकलात मिळतो, तो डोळे आणि चोच वाचवून मारा.
- पाण्यात थोडा गूळ घालून प्यायला द्या, सावलीत ठेवा.

रॉकेल, डिझेल, फिनेल, चुना यांतलं काहीही जखमेवर ओतू नका. अळ्या मरतात, सोबत कातडंही जळतं. घरातल्या माणसांच्या गोळ्यांतलं प्रतिजैविक चुरून देण्याची सवय तर सोडाच. मात्रा चुकते आणि औषधाचा अंश अंड्यात उतरतो. डॉक्टरांनी औषध दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून घ्या.

कातडं लोंबत असेल, आतलं मांस दिसत असेल किंवा मांजर-कुत्र्याचे दात लागले असतील तर दवाखाना गाठा. मांजराच्या चाव्याचं भोक वरून बारीक दिसतं, पण आत पू धरतो. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. कुत्र्यानं तोंडात धरलेली कोंबडी हाताळली असेल, तर तुमचे हात साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हातावर ताजा ओरखडा असेल तर माणसांच्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि ती कोंबडी कापून खायच्या फंदात पडू नका.

पाठ नुसतीच उघडी पडली असेल तर जाड सुती कापडाची झूल शिवता येते. कोंबडीच्या पाठीएवढा तुकडा आणि दोन्ही पंखांमागून जाणारे दोन इलॅस्टिकचे फास, एवढंच लागतं. पंख मोकळे हलले पाहिजेत. दर चार दिवसांनी काढून खाली उवा आहेत का ते बघा. उघड्या जखमेवर झूल घालू नका. जखम भरली की कोंबडी रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर कळपात सोडा. दिवसा सोडली तर तिला नवी समजून टोचतात.

रात्रीचं खुराडं

दिवसा कोंबडी पळू शकते, झुडपात शिरू शकते. रात्री ती दांडीवर बसलेली मुकी वस्तू असते. म्हणून पैसे कमी असतील तर सगळे खुराड्यावर घाला.

बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी ती फाटते. खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंची वेल्डमेश लावा. मोठ्या भोकातून साप आणि घुशीची पिलं आत येतात, आणि रानमांजर पंजा घालून दांडीवरची कोंबडी ओढतं. जाळी जमिनीत फूटभर पुरा. आपल्या काळ्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत चर खणणं जड जात असेल, तर जाळी बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर आडवी पसरून वर दगड-माती टाका. उकरणारा प्राणी भिंतीशीच उकरतो, जाळी लागली की सोडून देतो.

घुशींचा उपद्रव जास्त असेल तर खुराडं तीन फूट उंच खांबांवर घ्या आणि प्रत्येक खांबाला पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळा. आतल्या दांडीवर दर कोंबडीला आठ-नऊ इंच जागा हवी. गर्दी केलीत तर रात्र सुरक्षित जाईल आणि सकाळी त्याच एकमेकींना टोचतील. खाद्य रात्रभर आत ठेवू नका. घूस खाद्यासाठी येते आणि घुशीमागून साप येतो.

आणि कडी. जुनी दोरी, वीट टेकवलेलं दार, सुतळीची गाठ यांतून जितक्या कोंबड्या जातात तितक्या फाटक्या जाळीतूनही जात नसतील. सरकवायची कडी आणि वर खिटी लावा. सूर्य मावळायच्या आत दार बंद झालंच पाहिजे. कोंबड्या वेळेवर येत नाहीत ही तक्रार असेल, तर संध्याकाळचं धान्य खुराड्यातच द्या आणि रोज तोच डबा वाजवा. आठवडाभरात सवय लागते. शेवटी मोजणी करा. अंधारात बाहेर राहिलेली खुडूक कोंबडी बहुतेक उसाच्या कडेला अंड्यांवर बसलेली असते, तिला त्याच रात्री उचलून आणा. अंडी गेली तरी चालतील.

दिवसाची राखण

घार आणि शिक्रा पिलांवर झडप घालतात, मोठ्या कोंबडीला घार सहसा उचलत नाही. पिलं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत वर जाळं असलेल्या वाफ्यातच ठेवा. नदीकाठच्या गावांत मासेमारीची जुनी जाळी मिळतात, ती वरून ताणून बांधायला उत्तम. ढिली मात्र सोडू नका. जमिनीजवळ लोंबणाऱ्या जाळ्यात साप अडकतात. अडकलेल्या सापाला हात न लावता सर्पमित्राला बोलवा.

मोठ्या कोंबड्यांना दडायला आडोसा पाहिजे. स्वच्छ झाडलेलं मोकळं अंगण माणसाला छान वाटतं, कोंबडीसाठी ते धोक्याचं. एरंड, तूर, केळी किंवा कडब्याची तिरकी लावलेली पेंढी, काहीही चालेल, पण वीस-पंचवीस पावलांच्या आत लपण हवं. पांढऱ्या कोंबड्या लांबून दिसतात, मातकट-तपकिरी रंगाच्या वाचतात. नवी पिलं घेताना हे ध्यानात ठेवा.

कोंबडी कापलेली आतडी-पिसं उकिरड्यावर टाकणं बंद करा. कुत्र्यांना घराची वाट आपणच दाखवतो.

ऊसतोड आणि पूर

आपल्या शिरोळ तालुक्यात शिकाऱ्यांचा त्रास वर्षभर सारखा नसतो. उभ्या उसात कोल्हा, रानमांजर, मुंगूस यांना घुशी-उंदीर आणि आसरा दोन्ही मिळतं. गळीत हंगाम सुरू झाला, टोळी आली आणि शेजारचा फड रिकामा झाला, की ही सगळी मंडळी एका दिवसात बेघर होतात आणि वस्तीकडं सरकतात. त्यामुळे तुमच्या लगतचा ऊस तुटणार असं कळलं की पुढचे पंधरा दिवस वेगळे समजा. कोंबड्या ऊन चढल्यावर सोडा, पिलं अजिबात सोडू नका आणि संध्याकाळी तासभर आधी आत घ्या. पाचट पेटवतात त्या दिवशी तर दिवसभर कोंडून ठेवा.

दुसरा काळ पुराचा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या माणसाला पाण्याबद्दल काही शिकवायला नको. २००५, २०१९, २०२१ सगळ्यांनी पाहिलंय. पण कोंबड्यांचं नियोजन शेवटच्या घटकेवर राहतं. नृसिंहवाडीत दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाल्याची बातमी आली की सखल मळ्यातल्या कोंबड्या हलवायची तयारी करा. आधी डालगी किंवा हवेशीर क्रेट, मग आठ दिवसांचं कोरडं खाद्य, मग गच्ची किंवा उंचावरच्या पाहुण्यांचं परडं. पाणी चढतं तशा घुशी आणि सापही त्याच उंचवट्यावर येतात, म्हणून गच्चीवरसुद्धा रात्री जाळी बंद हवी. कोंबडे वेगळ्या डालग्यात न्या. कोंडलेल्या जागेत तेच सर्वांत जास्त जखमा करतात. पाणी उतरल्यावर खुराड्यात हात घालण्याआधी बॅटरी मारून कोपरे तपासा, गाळ काढा, चुना मारा, वाळू द्या, मगच कोंबड्या आत.

काय करू नये, आणि तुमचे हक्क

मुंगूस, कोल्हा, रानमांजर, साप यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. फास, चाप, गावठी बॉम्ब, विष घातलेलं अंडं हे सगळे गुन्हे आहेत. विषाचं अंडं कोल्ह्याआधी शेजाऱ्याच्या कुत्र्याला किंवा पोराला सापडतं हे वेगळं सांगायला नको. कुंपणात थेट वीज सोडणं तर कुणाचा तरी जीव घेणंच आहे. पंपावर रात्री पाणी पाजायला गेलेली माणसं अशा तारांनी मेली आहेत. वन्यप्राणी खुराड्यात अडकला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

भटक्या कुत्र्यांना मारणं किंवा दुसऱ्या गावात नेऊन सोडणंही कायद्यात बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, तेव्हा ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कुत्रं पाळीव असेल तर फोटो काढून, दोन साक्षीदार घेऊन मालकाकडं भरपाई मागा. बहुतेक प्रकरणं तिथंच मिटतात. कुणी मुद्दाम तुमच्या कोंबड्यांना विष घातलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पोलिसांत तक्रार करता येते. आणि हो, जत्रेत झुंजीसाठी कोंबडा मागायला कुणी आलं तर देऊ नका. प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

वन्यप्राण्यानं शेळी किंवा वासरू मारलं तर मेलेलं जनावर हलवू नका आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा. कोंबडीच्या बाबतीत मात्र या भरपाईवर भिस्त ठेवू नका, तिथं तुमची जाळीच कामाला येते. पुराचं वेगळं आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोंबड्यांचा समावेश आहे: दर पक्ष्यामागे १०० रुपये, एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यासाठी पंचनामा लागतो, आणि पाणी ओसरल्यावर तलाठ्यांना ‘चाळीस होत्या’ असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही. जून संपायच्या आत कोंबड्यांची संख्या वहीत लिहा, खुराड्यासमोर तारखेचा फोटो काढा आणि पिलांच्या खरेदीची पावती आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा.